उजवा खालचा कोपरा

तलावपाळीच्या मागं, चरईत, माझं दुकान म्हणजे
दोन पायऱ्या, एक ताडपत्री,
आणि भिंतीला टेकून उभे संगमरवरी दगड,
ज्यांच्या वाट्याचं माणूस अजून मेलेलं नाही.

चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं कोरली.
जन्म डावीकडं, मरण उजवीकडं,
मधे एक आडवी रेघ, बोटाच्या पेराएवढी.
तेवढ्यात सगळं बसवायचं.
आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, गवतात लपेल असं,
तांदळाएवढं माझं अक्षर: बा.
बावतीसमधला बा.
मेलेल्यानं कधी हरकत घेतली नाही.
घरच्यांनी विचारलं तर म्हणायचो, कारागिराची खूण.

डेंझिल माझ्याकडं आला तेव्हा चौदाचा.
छिन्नी कशी धरायची, हातोडी कुठं सैल सोडायची,
पाणी शिंपडून दगडाची शीर कशी ओळखायची,
सगळं मी दिलं.
(दिलं म्हणजे काय, त्यानं बघून घेतलं.
हिशेब मात्र माझ्या वहीत मांडला.)

आता घोडबंदर रोडला त्याचं काचेचं दुकान.
यंत्र आहे. नाव टाइप केलं की
चहा निवायच्या आत दगड तयार,
वर मेलेल्याचा फोटोही, हसरा.
सणाच्या पावतीपुस्तकावर, पाठच्या पानावर, त्याची जाहिरात.
रविवारी मिस्साला तो दोन बाकं पुढं बसतो
आणि मी वेदीकडं बघत नाही,
त्याच्या इस्त्रीच्या कॉलरकडं बघतो.
शांतीची खूण द्या म्हणतात तेव्हा
मी डावीकडं वळतो.
डावीकडं खांब आहे.

ऐन नोव्हेंबरात त्याचं यंत्र बंद पडलं.
कळलं त्या रात्री मी एक भाकरी जास्त खाल्ली.
पापनिवेदनात हे सांगितलं नाही.
म्हटलं, भूक लागणं काही पाप नाही.

मग त्याची आई गेली.
काही दिवसांनी तो पायरीवर. आत आला नाही.
"मास्तर, आईचं हातानं पायजे."
बस, एवढंच.
दगड सोबत आणलेला, लहान,
तिनंच निवडून ठेवलेला. मोठा नको म्हणाली होती.
आणि नाव: एस्कोलास्टिका इनास कोलासो.
मोजून बघा.

रात्री पेन्सिलनं आखलं, पुसलं, पुन्हा आखलं.
मरणाचा सन सरकत सरकत
थेट माझ्या कोपऱ्यात येऊन बसला.
बा-ला जागा नाही.
तिचं नाव बारीक केलं असतं तर झाली असती.
मी तेच करायला बसलो होतो,
खोटं कशाला सांगू.

वर भिंतीवर आमचा योहान, उंटाच्या केसांच्या कपड्यातला,
ज्याच्या नावानं आमचं देऊळ, आणि मीही.
त्यालाही लोकांनी येऊन सांगितलं होतं,
अरे, तू ज्याला पाण्यात बुडवलंस ना,
सगळे आता त्याच्याकडं चाललेत.
आणि तो, कमरेएवढ्या पाण्यात, रिकाम्या काठाशी,
नवरदेवाचा आवाज ओळखलेल्या करवल्यासारखा खूश.
तसबिरीत त्याचं बोट चौकटीबाहेर रोखलेलं आहे.
चाळीस वर्षं त्याच्याखाली चहा प्यालो.
मला वाटायचं, बोट माझ्याकडं आहे.

प्रभू, मी गुडघे टेकले नाहीत. गुडघे गेलेत माझे.
बसल्या बसल्याच म्हटलं,
घे हा कोपरा.
आणि पहिला घाव घातला, ए-च्या काठावर.

सकाळी तो आला.
डोळे मिटून आईच्या नावावरून बोट फिरवलं,
प्रत्येक वळणावर थांबत.
मग वाकून कोपऱ्यात काहीतरी शोधलं.
"मास्तर, तुमची खूण?"
मी म्हटलं, "राहिली."

या रविवारी खांबापासून लांब बसलो.
पण काल बसमधून त्याच्या दुकानावरून गेलो.
काच आणखी मोठी झालीय.
पोटात काहीतरी जुनं हललं.
मेलेलं नाही ते.
त्याचा दगड अजून
भिंतीला टेकून उभा आहे.